पिट्सबर्गमधली ती विटांची भिंत कसली? जुन्या बेसबॉल ग्राउंड्सबद्दल विचारायचंय

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, सध्या पिट्सबर्गला लेकीकडे आलेय. काल ओकलंड भागात तिच्या युनिव्हर्सिटीजवळ फिरत होतो तर रस्त्याकडेला एक जुनी विटांची भिंत दिसली, वेल चढलेली, वर ४५७ आकडा, बाजूला झेंड्याचा खांब, आणि मग समोरच्या बिल्डिंगमध्ये जमिनीत काचेखाली चक्क बेसबॉलची होम प्लेट (बॅट्समनसमोर जमिनीत असते ती पाटी)! पोरं वरून चालत जातायत. लेक म्हणाली इथे आधी ग्राउंड होतं, पुढचं तिलाही माहीत नाही. मग ते पाडलं का? इथली पायरेट्स टीम तर आता नदीकाठी खेळते ना? शनिवारी मॅचला जाणार आहोत, त्याआधी कुणी नीट सांगाल का, मला क्रिकेट कळतं, बेसबॉल जेमतेम.

तीन_नद्या
ताई, ती फोर्ब्स फील्डची भिंत. पण सुरुवात त्याच्याही आधीची आहे. पायरेट्स आधी अ‍ॅलेगनी नदीला लागून एक्स्पोझिशन पार्कमध्ये खेळायचे, १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजच्या (दोन टीममधली सीझनची फायनल, अनेक मॅचची) पिट्सबर्गातल्या मॅच तिथेच झाल्या. नदीला पाणी चढलं की ग्राउंडात शिरायचं, ४ जुलै १९०२ ला तर आउटफिल्डमध्ये पाणी असतानाच मॅच खेळवली, बॉल पाण्यात गेला की एकच बेस (रन पुरा करायला चार बेस गाठावे लागतात) असा नियम करून! मालक बार्नी ड्रायफस शेवटी कंटाळले आणि गावापासून लांब ओकलंडला स्टील-काँक्रीटचं ग्राउंड बांधलं. लोक म्हणाले एवढ्या लांब कोण येणार. ३० जून १९०९ ला ते सुरू झालं आणि त्याच वर्षी टीम वर्ल्ड सिरीज जिंकली.

पाडलं का, तर १९५८ लाच ते युनिव्हर्सिटीला विकलं होतं, टीम नवीन स्टेडियम होईपर्यंत भाड्याने खेळत होती. शेवटची मॅच २८ जून १९७०. मग थ्री रिव्हर्स स्टेडियम, फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हीसाठी एकच गोल वाडगा, खाली प्लॅस्टिकचं गवत. मी तिथे मॅच बघितल्यात, मागच्या सीटवरून खेळाडू मुंगीएवढा दिसायचा, मला ते कधीच आवडलं नाही. ११ फेब्रुवारी २००१ ला स्फोट करून पाडलं. आता नदीकाठी टीम खेळते ते पीएनसी पार्क, शनिवारी तुम्ही जाणार तेच.

कव्हर_ड्राइव्ह
भिंतीजवळ फुटपाथमध्ये एक पाटी बसवलीय ती बघितली का? १३ ऑक्टोबर १९६०, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, न्यूयॉर्क यँकीजशी ९-९ बरोबरी, आणि पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने शेवटच्या डावात होम रन (बॉल भिंतीपलीकडे, आपल्या सिक्ससारखा) मारून संपवली. शारजात मियाँदादने शेवटच्या बॉलला मारलेला सिक्स आठवतो ना (आपल्याला तो कसा विसरता येईल), तसलाच क्षण, फक्त इथे गावाच्या बाजूने. दर १३ ऑक्टोबरला लोक त्या भिंतीपाशी खुर्च्या घेऊन जमतात आणि त्या मॅचची जुनी रेडिओ कॉमेंट्री पहिल्यापासून ऐकतात. मी दोनदा गेलोय. निकाल सगळ्यांना पाठ असतो तरी शेवटी शेवटी कुणी बोलत नाही.

हिल_वरून
भिंत बघितलीत, छान, पण ग्रीनली फील्ड कुणी सांगितलंच नाही आणि मला ते फार लागतं. तेव्हा मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना घेतच नव्हते. १९३२ ला गस ग्रीनली या काळ्या मालकाने हिल डिस्ट्रिक्टमध्ये आपल्या क्रॉफर्ड्स टीमसाठी स्वतःचं पक्कं ग्राउंड बांधलं. सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल, हे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेले आणि तिघेही त्या ग्राउंडवर खेळलेत. १९३८ ला पाडून तिथे सरकारी घरं बांधली. ना भिंत ना प्लेट, फक्त पाटी. ओकलंडपासून लांब नाही, लेकीला घेऊन जाऊन या.

गोदाकाठची
खरंच खूप आभार सगळ्यांचे, उद्याच जातो तिकडे. शनिवारी कुठल्या बाजूला बसू?

तीन_नद्या
थर्ड बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर तिकीट घ्या, नदी, पूल आणि मागे उंच इमारती एकदम समोर. आणि गावातून चालतच या, मॅचच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो. ज्याचं नाव पुलाला आहे तो पायरेट्सचा खेळाडू रॉबेर्तो क्लेमेंटे १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला, त्याच वर्षी थ्री रिव्हर्सला त्याचा ३००० वा हिट (बॉल मारून बेस गाठणं) झाला होता. त्याचा नंबर २१, म्हणून पीएनसी पार्कची राइट फिल्डची (मैदानाच्या उजव्या बाजूची) भिंत बरोबर २१ फूट उंच बांधलीय. आत गेल्यावर लेकीला दाखवा.