दात्याची त्वचा गळून पडते, मग मूत्रपिंड कसे टिकते?

औदुंबर:
माझा मामेभाऊ स्टोव्हच्या भडक्यात बराच भाजला होता. डॉक्टरांनी त्याच्या जखमांवर त्वचापेढीतून आणलेली मृत दात्याची त्वचा लावली आणि ‘ही काही आठवड्यांत निघून जाईल’ असे आधीच सांगितले, घडलेही तसेच. शेजारच्या काकांना बहिणीने दिलेले मूत्रपिंड मात्र अकरा वर्षे उत्तम चालले आहे. मग दुसऱ्याचे कातडेच का टिकत नाही? काकांची औषधे भावाला देता आली नसती का?

शस्त्रवैद्य:
देता आली असती, पण जिवावर बेतले असते. काका रोज घेतात त्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, आणि मोठ्या भाजलेल्या रुग्णाला जंतुसंसर्गाचाच सर्वाधिक धोका असतो. त्यातून त्वचा हे शरीराचे वेशीवरचे अंग. तिच्यात पहारेकरी पेशी इतक्या असतात की परकी त्वचा दिसताच होणारा विरोध इतर बहुतेक अवयवांपेक्षा तीव्र असतो. शिवाय आपल्याकडे पेढीतली त्वचा सहसा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवतात, त्यामुळे तिच्या पेशी जिवंतच नसतात. ती कायमची रुजावी अशी अपेक्षाच नसते. ती वेदना कमी करते, अंगातले पाणी आणि प्रथिने झिरपू देत नाही, आणि रुग्णाची स्वतःची न भाजलेली त्वचा काढून लावेपर्यंत वेळ मिळवून देते. म्हणूनच तिच्यासाठी रक्तगटही जुळवावा लागत नाही.

जुनी_पाने:
गंमत अशी की काकांचे मूत्रपिंड टिकण्यामागचे ज्ञान भाजलेल्यांच्या त्वचेतूनच आले. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगो येथे शल्यविशारद थॉमस गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी एका भाजलेल्या स्त्रीवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले, काही दिवसांनी पुन्हा लावले, आणि दुसऱ्या खेपेचे तुकडे पहिल्यांपेक्षा लवकर नष्ट झाल्याचे १९४३ साली नोंदवले. शरीराला पहिली ओळख आठवत होती, म्हणजे हा प्रतिकारशक्तीचा खेळ होता. पुढे १९५३ मध्ये मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदरांच्या गर्भांना परक्या पेशी टोचल्या, तेव्हा त्यातल्या काही उंदरांनी मोठेपणी त्याच वाणाची त्वचा स्वीकारली. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी एका रुग्णाला त्याच्या जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसवले, त्याआधी दोघे खरोखर एकसारखे आहेत याची खात्री एकाची त्वचा दुसऱ्याला लावूनच केली होती. मरे हे स्वतः प्लास्टिक सर्जन. युद्धात भाजलेले सैनिक हीच त्यांची शाळा.

बाराभाई:
मग पुण्यात १७९० च्या दशकात कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक बसवले, ते कसे टिकले?

जुनी_पाने:
ते त्याच्याच कपाळाच्या त्वचेचे होते. हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपीय शल्यविशारद थक्क झाले, परंतु परकेपणाचा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता.

औदुंबर:
आता उलगडले. आईला त्वचादानाचा अर्ज भरायचा आहे. वय एकाहत्तर आणि मधुमेह आहे, चालेल का?

शस्त्रवैद्य:
केवळ वय किंवा मधुमेह आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग असल्यास त्वचा घेत नाहीत. अर्जापेक्षा घरच्यांनी मृत्यूनंतर लगेच फोन करणे महत्त्वाचे, कारण साधारण सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ येथून पातळ थर काढावा लागतो. पथक घरीही येते.