खोडदच्या दुर्बिणीमुळे रेल्वे वळवली म्हणे. मग दुर्बीणच हलवता येत नाही का?

नारायणगावचा_पोरगा

बातमी वाचली असेलच सगळ्यांनी. पुणे–नाशिक रेल्वेचा चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर हा मूळ मार्ग खोडदच्या जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) दुर्बिणीच्या परिसरातून जातो, म्हणून आता तो सोडून शिर्डीच्या अंगाने जायचं ठरतंय. बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचल्या आणि डोकं उठलं. निम्मे म्हणतात त्या जुनाट छत्र्या भंगारात घाला. उरलेले म्हणतात गावाकडच्या लोकांना विज्ञानाचं काय पडलंय. मला दोन्हीकडून शिव्या बसल्यासारखं झालं, कारण मी गावाकडचाही आहे आणि दहावीत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदच्या प्रदर्शनात आमच्या शाळेचं मॉडेलही घेऊन गेलोय. (ठिबक सिंचनाचं. चाललं नाही.)

माझी बाजू आधी सांगतो. नोकरी भोसरीत, आई-वडील नारायणगावच्या अलीकडे. शनिवारी गावी जायचं तर वाकडेवाडीवरून एसटी, आणि पुढे चाकणचा तळेगाव चौक. ज्यांनी तो चौक संध्याकाळी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. रेल्वेने नाशिकला जायचं तर आजही कल्याणचा वळसा. आमच्याकडे मोजणीवाले येऊन गेले, खुणा झाल्या, कुणाच्या जमिनीतून जाणार आणि कुणाच्या नाही यावरून भावकीत बोलणी बंद झाली. आणि आता म्हणतात दुर्बीण आड आली.

तर शिव्या न देता कुणी समजावेल का: रेल्वे जमिनीवर, दुर्बीण आकाशाकडे बघणार. मग धावणारी गाडी तिला आड येते कशी? आवाज येत असेल तर फिल्टर लावा ना, आजकाल पाचशे रुपयांच्या इअरफोनमध्येसुद्धा नॉइज कॅन्सलिंग असतं. आणि ते होत नसेल तर दुर्बीण दुसरीकडे का नेत नाहीत?

शनिवारातला_एक

दुर्बीण हलवण्यापेक्षा नाशिकच इकडे सरकवा. खर्च कमी येईल आणि चिवडाही इथेच मिळेल.

ईएमसीवाला

मी खगोलशास्त्रज्ञ नाही, पण माझं पोट याच विषयावर चालतं म्हणून लिहितो. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या इलेक्ट्रिकल पार्ट्सची ईएमसी टेस्टिंग करतो. सोप्या भाषेत, वायपरची मोटर चालू असताना ती हवेत किती रेडिओ गोंगाट फेकते ते मोजायचं. चारी बाजूंनी निळे टोकदार फोम लावलेल्या खोलीत मोटर ठेवतो, दार लावतो आणि बाहेर बसून स्क्रीनवरचा आलेख बघत शिव्या घालतो. एवढीशी मोटर, पण ब्रशमध्ये ठिणगी पडते. आणि ठिणगी म्हणजे रेडिओ ट्रान्समीटरच. मार्कोनीच्या काळात संदेश पाठवायला मुद्दाम ठिणग्याच पाडायचे.

ही दुर्बीण प्रकाश नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते, म्हणून असला गोंगाट तिला आड येतो. आता विजेच्या गाडीचं बघा. वर २५,००० व्होल्टची तार, तिला घासत जाणारा पँटोग्राफ. वेग वाढला की संपर्क क्षणभर सुटतो आणि निळी ठिणगी पडते. रात्री लोकल जाताना पाहिली असेल. ती ठिणगी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही, सगळ्या पट्ट्यात एकदम ओरडते. घरात मिक्सर लावला की जुन्या रेडिओवर स्टेशन कुठलंही असो, खरखर यायचीच, तसलाच प्रकार. तुमचा फिल्टरचा प्रश्न इथेच अडतो. फिल्टर 'या फ्रिक्वेन्सीचं घे, त्या फ्रिक्वेन्सीचं टाक' एवढंच करू शकतो. गोंगाट आणि हवा असलेला सिग्नल एकाच पट्ट्यात बसले असतील तर दोन्ही एकत्रच जातात. आणि इअरफोनचं म्हणाल तर तिथे बाहेरचा आवाज मोजायला वेगळा माइक असतो आणि गाणं आधीपासून माहीत असतं. इथे गाणं काय आहे तेच शोधायचंय.

मग मोकळा पट्टा बघून तिथे का ऐकत नाहीत? कारण पट्टा निवडणं आपल्या हातात नाही. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो. पण दीर्घिका जितकी लांब, तितकी विश्वाच्या प्रसरणाने ती लहर ताणली जाते आणि फ्रिक्वेन्सी खाली उतरते. २०२३ च्या जानेवारीत 'जीएमआरटीला ८८० कोटी वर्षांपूर्वीचा सिग्नल' म्हणून बातमी आली होती, आठवतेय? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिचे एलियन झाले होते, आणि एका काकांनी तर त्यांना उत्तर पाठवायचं की नाही यावर मत मागवलं होतं. तो सिग्नल म्हणजे हायड्रोजनच होता. निघाला १४२० ला, पोचला साधारण ६२० ला. तोही मधल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने सुमारे ३० पट मोठा केला म्हणून हाती लागला. म्हणजे ६२० वर कोण बोलणार हे त्या दीर्घिकेच्या अंतराने ठरवलं. आपण फक्त तिथे गप्प राहू शकतो.

किती गप्प, ते सांगतो. चंद्रावर कुणी साधा मोबाइल चालू करून ठेवला तर तो या दुर्बिणीला आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे. तुमची गाडी काही किलोमीटरवरून जाणार, आत शेकडो मोबाइल, वर ठिणग्या, शिवाय सिग्नलिंगची आणि गार्ड-ड्रायव्हरची रेडिओ यंत्रणा वेगळी.

फिल्टरिंग ते करत नाहीत असं नाही. गेल्या दशकात दुर्बीण अपग्रेड झाली, तेव्हापासून ठिणगीसारखा गोंगाट ओळखून तेवढे क्षण चालू निरीक्षणातच कापून टाकायची सोय आहे. अधूनमधून येणाऱ्या खरखरीला ते पुरतं. पण दिवसभर गाड्या धावायला लागल्या तर कापत कापत उरणार काय?

पाषाणची_मृण्मयी

ईएमसीवाल्यांनी ठिणगीचं छान सांगितलंय. मी 'हलवा' या भागाबद्दल लिहिते, कारण तो प्रश्न ऐकायला वाटतो तितका वेडगळ नाही.

ती एक दुर्बीण नाही, ३० डिश आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ डिश मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. सगळ्यांचे सिग्नल फायबरने एकत्र आणून जुळवायचे, तेव्हा त्या मिळून एका अवाढव्य डिशसारखं काम करतात. म्हणजे हलवायची तर २५ किलोमीटर रुंदीची दुसरी शांत जागा शोधायला हवी.

आणि ही जागा उगाच निवडलेली नव्हती. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ गोंगाट कमी, वारा कमी, भोवती डोंगरांचा आडोसा असं बघून खोडद ठरवलं. पुणं जवळ हवं होतंच, दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेचं ऑफिस विद्यापीठाच्या आवारात आहे. चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला, म्हणजे वरचं आयनांबर (वातावरणातला विद्युतभारित थर) त्यातल्या त्यात शांत, आणि तरीही दक्षिणेकडचं बरंचसं आकाश दिसतं. अशी जागा दुसरी काढायची म्हटली तर तिथेही कुणाची तरी रेल्वे, कुणाची तरी एमआयडीसी येणारच.

मला स्वतःला त्या डिशचं फार कौतुक आहे, म्हणून थोडं विषयांतर. ४५ मीटरची भरीव डिश उभी केली तर वाऱ्याच्या दाबाने सांगाडा प्रचंड जड करावा लागतो, आणि तेवढा पैसा नव्हता. स्वरूपांनी पृष्ठभाग पत्र्याचा न करता स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीचा केला. सांगाड्यावर ताणलेल्या तारदोरांनी ती जाळी आकारात ओढून धरलेली असते. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, पण २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब रेडिओ लहरीला ती भोकं दिसतच नाहीत, तिच्या लेखी तो सपाट आरसा. म्हणून खालून पाहिलं तर डिशमधून आभाळ दिसतं, आणि म्हणूनच लोकांना ते अर्धवट सोडलेलं काम वाटतं! 'जुनाट छत्र्या' म्हणणाऱ्यांनी एकदा खाली उभं राहून बघावं.

उपयोग काय, हेही कुणीतरी विचारेलच. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल थेट पृथ्वीवर टिपत होती ती खोडदची दुर्बीण. यान आदळलं, पण तो सिग्नल कधी तुटला हे इथून कळलं. जून २०२३ मध्ये अतिसंथ गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचे, पुरावे जाहीर झाले, त्यात भारतीय गटाची पल्सारची (ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं देणाऱ्या मृत ताऱ्यांची) निरीक्षणं इथलीच. त्या कामाला वर्षानुवर्षं न तुटलेली नोंद लागते. मध्येच गोंगाट सुरू झाला तर जुनी नोंदही लंगडी होते.

नारायणगावचा_पोरगा

मृण्मयीताई, ईएमसीवाले, मनापासून आभार. पहिल्यांदाच कुणी 'तुम्हाला कळणार नाही' न म्हणता सांगितलं.

पण माझा राग गेलेला नाही, फक्त पत्ता बदललाय. दुर्बीण तिथे मी जन्मायच्या आधीपासून आहे. २००२ पासून तर जगभरचे लोक अर्ज करून तिच्यावर वेळ मागतात. ती काही रात्रीतून उगवली नाही. रेल्वेची रेघ तिच्यानंतर कितीतरी वर्षांनी मारली. मग २३५ किलोमीटरची रेघ मारताना तीस डिश कुणाला दिसल्या नाहीत? आणि भावकी तुटायच्या आधी का नाही सांगितलं?

आणखी एक. बोगद्यातून नेली तर? डोंगर तर आहेतच.

ईएमसीवाला

बोगद्याचं बरोबर आहे. खडकाच्या आतली ठिणगी बाहेर फारशी येत नाही. पण गाडी बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडणार, स्टेशनात थांबणार, चढावर ओढताना जास्त करंट खेचणार. दुर्बिणीचे हात पसरलेत तो सगळा पट्टा जमिनीखालून न्यायचा तर खर्च कुठे जाईल याचा अंदाज तुम्हीच करा. डिझेलचा पर्यायही कुणीतरी सुचवेल. पँटोग्राफ गेला तरी मोबाइल आणि रेडिओ यंत्रणा उरतेच, आणि सेमी हायस्पीड म्हणून मिरवलेली गाडी डिझेलवर कोण घेणार?

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे मोटरचं डिझाइन कागदावर असतानाच ईएमसीवाल्याला बोलवा म्हणून मी कायम भांडतो. साचे तयार झाल्यावर बोलावतात आणि मग मी 'काम अडवणारा माणूस' ठरतो. खोडदच्या लोकांचं आज तेच झालंय. बातमीचं शीर्षक बघा, 'दुर्बिणीचा अडथळा'. दुर्बीण जागची हललीसुद्धा नाही, अडथळा कशी झाली?

संगमनेरी

तुमचं विज्ञान चालू द्या, पण शिर्डीकडून गेली तर संगमनेर आणि सिन्नर दोन्ही कटाप. खोडद आमच्यापासून लांब आहे. दुर्बिणीच्या पट्ट्यापुरता वळसा घाला आणि पुन्हा मूळ मार्गावर या, असं कुणी का म्हणत नाही? सगळी रेघच का पुसायची?

पाषाणची_मृण्मयी

संगमनेरी, हा या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे. किती किलोमीटर लांबून गेली तर गोंगाट सोसवतो हे मोजता येतं, त्यासाठी डोंगराचा आडोसाही धरता येतो. ते मोजून, कागदावर मांडून लोकांसमोर ठेवलं तर 'रेल्वे की दुर्बीण' असं भांडायची गरजच उरणार नाही.

शनिवारातला_एक

मागची प्रतिक्रिया गंमत होती. आता गंभीरपणे: माहिती अधिकारात विचारा. आखणी करताना दुर्बिणीवाल्यांचं लेखी मत कधी मागवलं आणि त्यांनी काय कळवलं, त्या पत्रांच्या प्रती. 'का' विचारू नका, कागद मागा. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात.

नारायणगावचा_पोरगा

हे आवडलं. अर्ज कुणाकडे करायचा, रेल्वे की दुर्बीण?

शनिवारातला_एक

दोन्हीकडे, वेगवेगळा. रेल्वे मंत्रालय एक आणि अणुऊर्जा विभाग दुसरा, कारण दुर्बीण टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) आणि टीआयएफआर त्यांच्याकडे येतं. दोन्ही केंद्राचे, त्यामुळे ऑनलाइन होतं. प्रत्येकी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मसुदा इथे टाका, शुद्धलेखन मी तपासून देतो, ते फुकट.

संगमनेरी

माझंही नाव घाला अर्जात.

शनिवारातला_एक

अर्ज एकाच्याच नावाने करा, सामुदायिक केला की परत पाठवायला निमित्त मिळतं. तुम्ही तुमचा वेगळा करा. वळशाच्या मार्गाचा सर्व्हे झालाय का, झाला असेल तर अहवालाची प्रत, एवढंच मागा.