'हरके'ला मराठीत काय? गाऱ्हाणं, नवस की साकडं

मलप्रभाकाठची
एका कन्नड कथेचा अनुवाद करतेय. पुराची रात्र, नवरा पलीकडच्या काठाला अडकलेला, घरात बाई एकटी. वाक्य असं : 'अवळु देवरिगे हरके होत्तळु.' मी लिहिलं, 'तिनं देवाला गाऱ्हाणं घातलं.' मजकूर तपासणाऱ्या पुण्याच्या बाईंनी ते खोडून 'तिने देवाची प्रार्थना केली' असं केलं. शेरा असा की गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, ती देवाला कशी घालतील? आमच्या खानापूर तालुक्यात यात्रा असो, पेरणी असो, पोर तापानं फणफणलेलं असो, गाऱ्हाणंच घालतात. 'प्रार्थना' म्हटलं की मला शाळेचं मैदान आठवतं. काय ठेवू?

टिळकवाडीकर
ताई, त्या बाईंचं कोशाला धरून आहे. संस्कृत 'गर्हणा' म्हणजे दोष देणं, त्यावरून गाऱ्हाणं. पण 'प्रार्थना'ही नको. हरके म्हणजे सरळसरळ नवस. 'तिनं नवस बोलला' लिहा. नेमका शब्द हाताशी असताना तालुक्यापुरता शब्द कशाला घालायचा?

अथणीकर
नवस बरोबर, पण 'होत्तळु' हातचं सोडू नका. कन्नडात हरके 'होरतात', म्हणजे ओझं उचलावं तशी अंगावर घेतात. आपण नवस 'बोलतो'. तिकडं वाहायचं, इकडं बोलायचं. फेडणं मात्र दोन्हीकडं आहेच. आणखी एक. 'हरके'चं जुनं रूप 'परके'. जुन्या कन्नडातल्या 'प'चा पुढं 'ह' झाला, 'पाल्'चं 'हालु' झालं तसा. 'हरसु' म्हणजे आशीर्वाद देणं. म्हणजे देवानं द्यायचं आणि माणसानं कबूल करायचं, दोन्ही एकाच धातूतलं. हे मराठीत कुठल्या शब्दात मावणार?

वेदगंगा
माझं मत 'साकडं'. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या निपाणी भागात वेदगंगा-दूधगंगेचं पाणी चढत होतं. लाईट नाही, फोन लागत नाही. सासूबाई देवापुढं बसून एवढंच म्हणत होत्या, 'आई, साकडं पडलंय, आता तूच बघ.' नारळ कबूल केला नाही, साडी नाही, पायी येते म्हणाल्या नाहीत. नवसात देवघेव असते, ह्यात ती नव्हती. 'संकट'चंच 'संकड' आणि मग 'साकडं', मूळ अर्थ अरुंद, कोंडलेलं. भीतीत जीव कोंडतो, तोच कोंडमारा उचलून देवाच्या गळ्यात घालायचा, म्हणून साकडं 'घालणं'. मला तरी हे असंच कळतं.

टिळकवाडीकर
वेदगंगाताई, मग कथेतल्या बाईनं काही कबूल केलंय का, ते आधी बघायला हवं. केलं असेल तर नवस, नसेल तर साकडं. इतकं सोपं आहे.

मलप्रभाकाठची
कथेत तेच तर सांगितलेलं नाही, अण्णा. पुढच्या वाक्यात ती दिव्यात तेल घालते आणि जप करत बसते.

कणकुंबीकर
गाऱ्हाण्याबद्दल सांगतो, कारण आमच्या भागात ते अजून होतं. गाऱ्हाणं एकट्यानं घालायचं नसतं. देवळापुढं गाव जमतं, घालणारा एकेक मागणं म्हणतो आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणून साथ देतात. मागणं एकाच्या तोंडून, पण होकार सगळ्यांचा. घाबरलेल्या माणसाला धीर येतो तो ह्या होकारानं. घरात एकटी बसलेली बाई गाऱ्हाणं कसं घालणार?

मलप्रभाकाठची
माझी आजी घालायची. चुलीजवळ उभी राहून, हात जोडून, एकटीच. तिला कुणी गाव जमवायला सांगितलं नाही.

कणकुंबीकर
ते मागणं झालं. गाऱ्हाणं नव्हे.

अथणीकर
काका, आजीनं जे नाव दिलं तेच त्याचं नाव. बोलणाऱ्या बाईपेक्षा रीत मोठी कशी?

टिळकवाडीकर
मग कुणीही कशालाही काहीही म्हणावं? कोश काय शोभेला ठेवलेत?

वेदगंगा
कोशात नसलेलंही माणूस संकटात तोंडातून काढतोच की. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगरावर 'उदो उदो' चालतं. आमची मराठी माणसं म्हणतात, तशी कन्नड माणसंही म्हणतात. तो शब्द नेमका कुणाचा?

टिळकवाडीकर
'उदय'वरून. देवीचा उदय होवो. संस्कृत.

अथणीकर
संस्कृत असला तरी आमच्याकडं तो कन्नड उच्चारात 'उधो' होऊन पक्का बसलाय. आणि चिंचलीच्या मायाक्कापुढं 'चांगभलं' म्हणतात, त्याला कोणता कोश लावणार? 'चांग' आणि 'भलं', दोन्हींचा अर्थ एकच.

कणकुंबीकर
एकच नाही. 'चांग' देवाचं, 'भलं' भक्ताचं, असं आम्ही ऐकलंय.

टिळकवाडीकर
ह्याला आधार काय? जोतिबाच्या डोंगरावरही 'चांगभलं' आहे, तिथं असं कुणी फोड करून सांगत नाही. जोडशब्द आहे, जोर देण्यासाठी.

वेदगंगा
माझ्या माहेरी मात्र कणकुंबीकर काका म्हणतात तसंच सांगतात.