लहान मूल आणि समुद्रावरचा एक दिवस: तुमचे अनुभव लिहा

कोकणात कुठे जावं, काय बघावं याच्या याद्या ढिगाने मिळतात, पण अडीच-तीन वर्षांचं मूल सोबत असलं की त्यातलं अर्धंअधिक बादच होतं. ते मूल किनाऱ्यावर दिवसभर नेमकं करतं काय, खातं काय, कशाला घाबरतं आणि कुठून हलायलाच तयार नसतं, हे कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. एकच दिवस सांगा पण नीट सांगा. किनारा कुठला, मूल केवढं आणि भरती होती की ओहोटी तेही लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.

सुरुवात मी करते. गुहागर, डिसेंबर महिना, लेक अडीच वर्षांची. नाश्ता करून समुद्रावर गेलो तेव्हा ओहोटी होती आणि ओल्या वाळूवर जिकडेतिकडे साबुदाण्याएवढ्या गोळ्या पसरलेल्या, मधे एक भोक आणि भोकापासून चहूकडे निघालेल्या रांगा. एक बारीकसा खेकडा हे करतो. वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो, भरतीला सगळं पुसलं जातं की पुढच्या ओहोटीला परत पहिल्यापासून. लेक उकिडवी बसली. आपण हललो की खेकडा आत जातो आणि गप्प बसलं की बाहेर येतो हे तिला तिचं तिलाच कळलं, मग आम्हालाच शूऽऽ करायला लागली. घरी जेवायलासुद्धा एका जागी न बसणारी मुलगी, ऊन चढेपर्यंत तिथेच होती. दुपारी जिथे उतरलो होतो तिथल्या काकूंनी न सांगता मऊभात, तूप, मेतकूट आणून ठेवलं, ते खाऊन ताणून झोपली. देऊळ राहिलं, बाजार राहिला, आणि तो दिवस मला सगळ्यात जास्त आवडला.

----

आमचं वेळास, मंडणगड तालुक्यातलं. मार्चमध्ये गेलो होतो, मुलगी चार वर्षांची. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालून जातात, कोल्ह्या-कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून गावातले लोक ती अंडी काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तसेच खड्डे करून पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून हे उभं केलं, गाव त्यात मनापासून उतरलं, ह्या लोकांचं करावं तेवढं कौतुक कमी आहे. पिल्लं निघतीलच अशी खात्री नसते, ते पोरीला आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. संध्याकाळी मात्र आली.

पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत, अलीकडे वाळूवर ठेवतात आणि त्यांचं त्यांना चालू देतात. दोरीच्या अलीकडे मुलांना पुढे बसवलं होतं. एक पिल्लू लाटेने उलटं झालं आणि ही रडकुंडीला, बाबा कोणीतरी सरळ करा ना त्याला. तिथला दादा म्हणाला, थांब, बघ, जमेल त्याला. पुढची लाट आली आणि ते सरळ होऊन गेलंसुद्धा! मग प्रश्न, त्यांची आई कुठेय? आई अंडी घालून, वाळूने झाकून त्याच रात्री परत जाते म्हटल्यावर चेहरा असा पडला की मलाच भरून आलं. मग जेवायला कोण देणार त्यांना? म्हटलं, अंड्यातला बलक थोडा पोटात शिल्लक असतो, तेवढ्यावर पहिले काही दिवस निघतात. मग घरी पोचेपर्यंत गाडीत तेच चालू, "खाऊ असतो ना त्यांच्या पोटात? असतो ना?"

----

आमच्या मुलाला (वय ३) अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात काय आवडलं असेल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट. गाडीसकट बोटीत चढायचं, मग ती पुढची फळी साखळ्यांवर वर येते आणि पलीकडे गेलं की धाडकन खाली. पलीकडे उतरल्यावर असा काही रडला की गाडी बाजूला लावून तो आणि त्याचे बाबा नुसतेच जाऊन-येऊन आले. त्या मार्गाने जाणार असाल तर ह्यासाठी हाताशी वेळ ठेवा.

----

मी मूळची मालवणजवळच्या देवबागची, आता ठाण्यात. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला घेऊन माहेरी जाते, तो आता पाच वर्षांचा आहे. पर्यटक स्कूबा आणि बोटींच्या मागे असतात, मुलांना खरं दाखवावं ते रापण. होडीने जाळं समुद्रात गोल टाकून येतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि माणसं दोन रांगा करून ओढत मागे मागे सरकतात. ह्यावेळी हा मामाच्या मागे दोर धरून उभा राहिला, पाय वाळूत रुतवून, दात-ओठ खात. जाळं जवळ आलं की पाणी चमचमायला लागतं, तारले, पेडवे, बांगडे, आणि मधे जेलीफिश असली तर मोठी माणसं मुलांना लगेच मागे घेतात, तिला हात लावायचा नाही. वाटणी झाली तेव्हा ह्याच्याही हातात दोन बांगडे पडले. घरापर्यंत कोणाला हात लावू दिला नाही, आज्जीच्या हातात नेऊन दिले.

एक कळकळीने सांगते. आमच्याकडे कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकाला मुलांना पाण्यात उतरवू नका, वरून शांत दिसतं पण ओढ फार असते. माझे बाबा तिथी मोजून भरती सांगायचे, आणि वेळ झाली की ओटीवरनंच ओरडायचे, "भरती लागली, पोरांका भायर काढा!"

----

धागा माझाच म्हणून विचारते, तिथीवरून भरती कशी काढायची?

----

(देवबाग) तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सहा तास आधी, पावणेदहाला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि रोज पाऊण-एक तास पुढे जातं. थोडं मागेपुढे होतं पण मुलांना कधी न्यायचं हे ठरवायला पुरतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी लांब जातं आणि येतंही तेवढंच वर. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, जोर कमी.

----

आम्ही अकोल्याचे. अलिबागला गेलो तेव्हा समुद्र मुलानेही पहिल्यांदा पाहिला आणि माझ्या सासूबाईंनीही. गेटवेवरून मांडव्याला जाताना बोटीमागे सीगल येत होते तोवर पोरगं खूश, पण किनाऱ्यावर लाटेचा आवाज ऐकला आणि जे कडेवर चढलं ते उतरेचना. आम्ही दोघं समजावून थकलो. शेवटी सासूबाई लुगडं सावरून लाट संपते तिथे खाली बसल्या आणि त्याला मांडीवर घेतलं. "काही करत नाही रे बापू ते, आवाजच मोठा हाये त्याचा." ओंजळीत पाणी घेऊन आधी डोळ्यांना लावलं मग जिभेला, आणि त्यालाही चाखवलं. त्याचं तोंड वाकडं झालं आणि दोघं हसायला लागले. नंतर प्रत्येक लाट मागे गेली की हा "ये, ये" करून बोलवायचा. ओहोटीला घोडागाडीतून कुलाबा किल्ल्यातही जाऊन आलो, पण त्याच्या तोंडी आजही आजीची लाट.

----

माझा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न आहे. अशी मुलं असलेल्या घरांसाठी मुद्दाम लिहितेय. आम्ही दिवेआगरला जातो, तेही मंगळवार-बुधवार, शनिवार-रविवारी अजिबात नाही. सुकी वाळू पायाला चिकटलेली त्याला सहन होत नाही, ओली घट्ट वाळू चालते, म्हणून ओहोटीची वेळ आणि पायात मोजे. वाऱ्याचा आवाज वाढला की कानावर हेडफोन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुरूची झाडं खूप गेली, सावलीच्या भरवशावर राहू नका, मोठी छत्री न्या. त्याने सकाळभर शिंपल्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्या, एका बाईने कौतुकाने मधली एक उचलली तर तिच्याकडे बघून हात पुढे केला. मागितली! अनोळखी माणसाकडे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना कळेल मी काय सांगतेय.

----

सगळं वाचून काढलं, फार छान. जानेवारीत दीड वर्षाच्या मुलीला घेऊन गणपतीपुळ्याला चाललोय, पौर्णिमा मधे येतेय. कधी न्यावं?

----

(देवबाग) पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आधी पूर्ण भरती आणि वर उधाण. तेव्हा पाण्याकडे नकोच, तसाही तिथला समुद्र धोक्याचा, पाण्यात न उतरण्याच्या पाट्या लावल्यात. सकाळी दर्शन, मग जेवण आणि झोप. साडेचार-पाचला निघा, पाणी मागे गेलेलं असेल, ऊनही उतरलेलं. कोरडे कपडे दोन जोड घ्या आणि शहाळ्याची मलई द्या तिला, आवडीने खाईल.