मदत हवी आहे: रीलोडिंगसाठी पावडर मोजायचा काटा कोणता घ्यावा?

नवा_नेमबाज: मुक्काम टेक्सास. .३०८ विंचेस्टर (रायफल) आणि ९ मिमीची (पिस्तूल) काडतुसं घरी भरायची आहेत, फक्त टार्गेटसाठी. प्रेस, डाय (काडतूस भरायचं यंत्र आणि त्याचे साचे), मॅन्युअल (किती पावडर घालायची ते सांगणारं पुस्तक) घेऊन झालं. काट्यावर अडलंय. सोनारी पद्धतीचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा चालेल का, की दांडीचा घ्यावा? बजेट १५० डॉलर.

ग्रेनमास्तर: ०.०१ ग्रॅमवाला नको. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, तेव्हा त्याची एक पायरी ०.१५ ग्रेनची पडते. मॅन्युअलमधले आकडे ०.१ ग्रेनमध्ये असतात. रायफलला जास्त अचूक काटा लागतो असं वाटतं, पण उलट आहे. .३०८ मध्ये चाळीसेक ग्रेन पावडर जाते, तिथे ०.१५ ची चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत. ९ मिमीत पाचेक ग्रेन, तिथे तीच चूक ३ टक्के. शिवाय पिस्तुलाच्या पावडरीत किमान आणि कमाल भार (एका काडतुसात घालायची पावडर) यांतलं अंतर बऱ्याचदा ग्रेनभराचंही नसतं.

युनिटचं बटण चुकून दाबलं जातं, तेही बघा. ग्रेनऐवजी कॅरट लागलं तर तोच आकडा तिप्पट पावडर मागतो (१ कॅरट = ३.०९ ग्रेन).

दांडीवाला: दांडीचाच घ्या, चुंबकाने डोलणं थांबवणारा. वीज नाही, त्यामुळे शून्य आपोआप सरकत नाही. टेबल पक्कं हवं, पंखा-एसी बंद, आणि काटा डोळ्याच्या पातळीला. वरून बघितलं की रेघ चुकते. सुरीधारेला (दांडी जिच्यावर टेकून डोलते ती धार) तेल लावू नका, धूळ चिकटून दांडी अडते. रोज सुरुवातीला रिकामं पारडं ठेवून पायाच्या स्क्रूने शून्य लावा.

नवा_नेमबाज: आणि ०.००१ ग्रॅमवाले स्वस्त इलेक्ट्रॉनिक?

ग्रेनमास्तर: पायरी बारीक असली म्हणून काटा खरा असतोच असं नाही. त्यांचा लोड सेल (वजन ओळखणारा भाग) तापमानाने सरकतो. अर्धा तास आधी चालू करून ठेवा, मोबाईल लांब ठेवा. पारडं ठेवून शून्य केलं की ते उचला आणि दिसणारा ऋण आकडा लिहून ठेवा. मधूनमधून पारडं उचलून बघायचं. आकडा बदलला की शून्य हललं, म्हणजे मागची काडतुसंही संशयित.

दुसरी खोड: ट्रिकलरने (पावडर दाण्यादाण्याने टाकणारं साधन) दोन-चार दाणे टाकले तर काही काटे तो फरक स्वतःचाच ड्रिफ्ट (शून्य सरकणं) समजून गिळतात. पारडं उचलून परत ठेवा, मगच आकडा माना.

दांडीवाला: कुठलाही घेतलात तरी परखायला वजनं घ्याच. काट्याबरोबर येणारं कॅलिब्रेशनचं वजन बहुधा जड असतं, तुमच्या भाराच्या आसपास काटा कसा वागतो ते त्यावरून कळत नाही. ०.५ ग्रॅम (७.७ ग्रेन) ९ मिमीसाठी, ३ ग्रॅम (४६.३ ग्रेन) .३०८ साठी. चिमट्यानेच उचला, बोटाचा घाम वजन वाढवतो.

कोरडी_दारू: ९ मिमीला प्रत्येक भार तोलत बसलात तर संध्याकाळ जाईल. पावडर मेझरने (मापाने ठरावीक पावडर टाकणारं साधन) टाका, सुरुवातीचे दहा भार तोला, मग दर दहावा. पण एकाच केसमध्ये (काडतुसाचं रिकामं कवच) दोनदा पावडर पडली तर ते काटा सांगणार नाही. बुलेट बसवण्याआधी ट्रेमधल्या सगळ्या केसमध्ये टॉर्च मारून बघा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे काडतुसं बनवायला शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो.

नवा_नेमबाज: ठरलं. दांडीचा काटा, दोन वजनं, आणि ९ मिमीला मेझर. सोनारी काटा स्वयंपाकघरात केशर मोजायला.