विषय: जुन्या कोरोलाचा पोचा, हिवाळ्यापूर्वी काढावा की तसाच राहू द्यावा?

प्रेषक: नोव्हायकर
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे २०११ सालची रुपेरी टोयोटा कोरोला आहे. ती १,३८,००० मैल चालली आहे, तिचे कर्ज केव्हाच फिटले आहे आणि इंजिनाने आजवर एकदाही कुरकुर केलेली नाही. गेल्या महिन्यात ती एका दुकानाच्या वाहनतळावर उभी असताना कोणीतरी मागच्या डाव्या कोपऱ्याला धडक दिली आणि साधी चिठ्ठीही न ठेवता तो गृहस्थ निघून गेला. मागच्या बंपरवर हातभर लांब चरे पडले असून एका ठिकाणी तो चिरला आहे. मागच्या चाकाच्या कमानीवरचा पत्रा तळहाताएवढा आत गेला आहे आणि त्या पोच्याच्या कडेचा रंग उडाला आहे.

बॉडी शॉपने एकूण २,६५० डॉलरचा अंदाज दिला आहे. त्यात नवे बंपरचे आवरण रंगवून बसविण्याचे १,०५० आणि पत्र्याचे १,६०० आहेत. रंगाला हात न लावता आतून दाब देऊन पोचे काढणारा एक कारागीरही येऊन पाहून गेला, परंतु पत्र्याला तीक्ष्ण घडी पडली आहे आणि रंग तुटला आहे, म्हणून त्याने प्रामाणिकपणे नकार दिला. विम्यात कोलिजनचे कलम (धडकेने आपल्याच गाडीचे झालेले नुकसान भरून देणारे) अजून आहे, मात्र पहिले १,००० डॉलर आमचे आम्हालाच भरावे लागतात. गाडी आज विकायला काढली तर ५,००० च्या आसपास मिळतील, असे डीलरने सांगितले.

पुढच्या वर्षी धाकट्या चिरंजीवांना परवाना मिळाला की गाडी त्यांच्या हाती जाईल आणि आणखी तीन-चार वर्षे ती ठेवण्याचा आमचा विचार आहे. नव्या चालकाच्या हातून तिच्यावर आणखी चार पोचे पडणारच आहेत, तर या एका पोच्यासाठी गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च का करावा, असे मला वाटते. सौभाग्यवतींना दिवाळीच्या कार्यक्रमाला अशी गाडी घेऊन येण्याचा संकोच वाटतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपला नम्र,
नोव्हायकर

---

प्रेषक: ट्रॉयकर
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय नोव्हायकर यांस अनेक आशीर्वाद.

मोटारींच्या कारखान्यातील पेंट शॉपमध्ये मी सत्तावीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते सहन करावे. बॉडी शॉपने आपल्याला बेरजेचा एक आकडा दिला असला तरी आपल्यापुढे मुळात दोन निराळे प्रश्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की माणूस एक तर सगळेच करून बसतो किंवा काहीच करीत नाही.

बंपरचा प्रश्न सोपा आहे. आपल्याला दिसते ते केवळ प्लास्टिकचे आवरण असते. त्याला गंज चढत नाही, त्यामुळे त्यावरचे चरे गाडी भंगारात जाईपर्यंत तसेच राहिले तरी काही बिघडत नाही. फक्त आत काय झाले आहे ते एकदा पाहून घ्यावे. आवरणामागे धक्का शोषणारा फोमचा ठोकळा आणि त्याच्यामागे पोलादी आडवा दांडा असतो. प्लास्टिक धक्का खाऊन पुन्हा जागेवर येते, फोम आणि दांडा मात्र येत नाहीत. खालच्या क्लिपा काढून टॉर्चच्या उजेडात पाहावे. फोम फुटला असेल किंवा दांडा वाकला असेल तर तो शोभेचा प्रश्न राहत नाही आणि तेवढी दुरुस्ती करावीच लागेल. त्याच वेळी डिकीच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का आणि मागच्या दिव्याला बारीक चीर गेली आहे का, हेही पाहावे, कारण चिरेतून पाणी आत गेले की आज ना उद्या दिवा बंद पडतो.

पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. कारखान्यात गाडीचा संपूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला संरक्षक थर चढवितात, म्हणून तो थर पोकळ भागांच्या आतही पोहोचतो. त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअरकोट येतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण सव्वाशे मायक्रॉन भरते, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढीही नाही. हे कवच एकदा फुटले की पत्र्यावरचा जस्ताचा लेप स्वतः झिजून पोलादाला काही काळ सांभाळतो, पण मिशिगनच्या हिवाळ्यात तो काळ फार मोठा नसतो. डेट्रॉईट शहराच्या पोटात हजार फुटांहून अधिक खोलीवर मिठाची खाण आहे. रस्त्यावर मीठ टाकताना आपल्या भागात कोणी हात आखडता घेईल, अशी आशा करू नये.

आता मुख्य मुद्दा सांगतो, आणि तो कदाचित आपल्याला उलटा वाटेल. दार किंवा पुढचे मडगार्ड नटबोल्टांनी बसविलेले असते आणि ते काढून दुसरे लावता येते. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, त्यामुळे तो बदलायचा म्हणजे कापून पुन्हा जोडावा लागतो. १,६०० डॉलरमध्ये कोणी तो बदलणार नाही. त्यावर बारीक खिळे वेल्ड करून पोचा बाहेर ओढतील, उरलेला खळगा पुट्टीने भरतील आणि वरून रंग देतील. त्या वेल्डच्या उष्णतेने पत्र्याच्या आतल्या अंगाचा कारखान्यातला थर जळतो. आतून मेणासारखे संरक्षक द्रव्य पुन्हा फवारले नाही तर गंज आतून सुरू होतो, आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आत जाळी झालेली असते. आरशासारख्या चकचकीत करून आणलेल्या गाड्यांच्या कमानी दुसऱ्याच हिवाळ्यात फुगलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून दुरुस्ती करायचीच ठरली तर बॉडी शॉपला एकच प्रश्न विचारावा: "काम झाल्यावर आतल्या बाजूने काय फवारणार?" उत्तर देताना तो घुटमळला तर गाडी घरी आणावी.

माझा सल्ला असा की पोचा राहू द्यावा आणि जखम मात्र बंद करावी. सुटलेला रंग खरवडून काढावा, चकाकणारा धातू दिसेपर्यंत गंज घासावा, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअरकोट लावावा. गंजावर पुट्टी कदापि भरू नये, कारण ती ओलावा शोषून धरून ठेवते. हवा फॅरनहाइट ५० अंशांच्या वर असतानाच हे काम नीट होते, म्हणजे आपल्या हातात फार तर दोन-तीन शनिवार-रविवार आहेत. आणखी एक पाहावे: कमानीच्या कडेला आतला व बाहेरचा पत्रा जिथे एकमेकांवर दुमडलेला असतो, तिथला सीलंट, म्हणजे फट बुजविणारा रबरासारखा लेप, पोच्यामुळे तडकला आहे का? चाकामागचे प्लास्टिकचे अस्तर सोडवून बोटाने चाचपावे. माती आणि मीठ सर्वांत जास्त तिथेच साचते.

आपला,
ट्रॉयकर

---

प्रेषक: कॅन्टनकर
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

नोव्हायकर भाऊ आणि ट्रॉयकर काका यांस नमस्कार.

काकांनी पत्र्याचे जे सांगितले त्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. मी फक्त विम्याबद्दल लिहिते, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या व्हॅनच्या मागच्या दाराला असाच पोचा आला होता आणि जुनी गाडी म्हणून आम्ही तो तसाच ठेवला. पुढे दुसऱ्या एका अपघातात नेमके तेच दार चेपले, तेव्हा विमा कंपनीने आधीच्या नुकसानीची रक्कम भरपाईतून वजा केली. पहिला पोचा नेमका केवढा होता हे दाखविणारे एकही छायाचित्र आमच्याकडे नव्हते, त्यामुळे त्यांनी सांगितला तोच हिशेब मान्य करावा लागला. दुरुस्ती करा अथवा करू नका, पण तारखेसह छायाचित्रे आजच काढून ठेवावीत.

मंडळात पुष्कळांचा एक गैरसमज आहे, म्हणून तोही इथे दूर करते. मिशिगनमध्ये ज्याला मिनी-टॉर्ट म्हणतात, त्यात चूक करणाऱ्या चालकाकडून वाहनाच्या नुकसानीपोटी ३,००० डॉलरपर्यंत मागता येतात. २०२० च्या जुलैपर्यंत ही मर्यादा १,००० होती. नीट उभ्या असलेल्या गाडीला धडक बसली तर धडक देणाऱ्याच्या विम्यातील मालमत्ता-संरक्षणाच्या कलमातून भरपाई मिळते. परंतु दोन्ही वाटांसाठी धडक देणारा सापडावा लागतो. तो पळून गेला असेल तर आपले कोलिजनचे कलम एवढाच आधार उरतो.

तुमच्या आकड्यांप्रमाणे १,००० वजा जाता कंपनी १,६५० डॉलर देईल. गाडीवर कर्ज नसल्यामुळे धनादेश सहसा तुमच्याच नावाने येतो आणि ते पैसे दुरुस्तीवरच खर्च केले पाहिजेत, असे बंधन सहसा नसते. मी तुमच्या जागी असते तर दावा केला असता आणि काकांच्या पद्धतीने स्वस्तात काम उरकले असते. अर्थात असा दावा कंपन्यांच्या सामायिक नोंदींत सात वर्षांपर्यंत दिसू शकतो, तेव्हा एजंटशी आधी बोलावे.

आपली,
कॅन्टनकर

---

प्रेषक: नोव्हायकर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ट्रॉयकर काकांना सादर प्रणाम, कॅन्टनकर ताईंना नमस्कार.

काल सकाळी क्लिपा काढून पाहिले. दांडा सरळ आहे आणि दिवा शाबूत आहे, परंतु फोमचा ठोकळा डाव्या टोकाला दोन तुकडे होऊन पडला होता. बाहेरून त्याची कल्पनाही आली नसती. कमानीच्या कडेचा सीलंट दीड इंच तडकलेला सापडला आणि तिथे बोट फिरविले तेव्हा तांबूस भुकटी हाताला लागली. एका महिन्यात एवढे होत असेल तर मार्चपर्यंत काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

ताई, आपला हिशेब मला पटला होता, तरीही मी दावा करीत नाही. पुढच्या वर्षी चिरंजीवांचे नाव पॉलिसीत घातले की हप्ता तसाही फुगणार आहे. त्यात हा दावा नूतनीकरणाच्या वेळी कसा धरला जाईल याची खात्री एजंटने दिली नाही, आणि त्या अनिश्चिततेपुढे मला १,६५० डॉलर थोडे वाटले. छायाचित्रे मात्र काढून ठेवली आहेत.

बंपरसाठी मी भंगार गाड्यांच्या यार्डात गेलो. तिथे त्याच पिढीच्या, त्याच रुपेरी रंगाच्या कोरोलाचे आवरण आणि आतला फोम मिळून १७० डॉलरला मिळाले. त्यावर एक ओरखडा आहे, पण घरी तो मान्य झाला. पोचा राहील.

आता एक शंका. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर रंगाचा कोड १एफ७ असा आहे आणि त्याप्रमाणे टचअपची, म्हणजे छोट्या जागी ब्रशने लावायच्या रंगाची, बाटली आणली, तरी चाचणीसाठी लावलेला ठिपका आजूबाजूच्या रंगापेक्षा काळसर दिसतो. कोड चुकीचा असेल का?

आपला नम्र,
नोव्हायकर

---

प्रेषक: ट्रॉयकर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नोव्हायकर,

कोड बरोबर आहे. रुपेरी रंगात धातूचे बारीक कण असतात; फवाऱ्याने मारल्यावर ते पत्र्यालगत आडवे बसतात, ब्रशने लावल्यावर वेडेवाकडे राहतात, म्हणून तोच रंग काळसर दिसतो. बाटली चांगली हलवून एक जाड थर देण्याऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत. फरक थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. त्याआधी तडकलेला सीलंट खरवडून, तिथला गंज काढून, प्रायमर वाळल्यावर नवा सीम सीलर (पत्र्यांच्या सांध्यात भरायचा सीलंट) भरावा. स्नानगृहात वापरतात ते सिलिकॉन तिथे भरू नये, कारण त्यावर रंग धरत नाही. पुढच्या शनिवारी हवा कोरडी राहिली तर मी अकराच्या सुमारास घासकागद आणि इपॉक्सी प्रायमर घेऊन आपल्याकडे येतो. चिरंजीवांना घरीच थांबायला सांगावे, गाडी त्यांची होणार आहे तर घासण्याचे काम त्यांनीच करावे.

आपला,
ट्रॉयकर