कान साफ आहे म्हणतात, मग दुखते ते काय?

म्हार्दोळची_बाई

नमस्कार. मी म्हार्दोळला राहते आणि सावईवेऱ्याच्या बाजूला एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय 48. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, लांबले तर सांभाळून घ्या.

माझा डावा कान 14 महिने दुखतो आहे. गेल्या वर्षीच्या पावसात देवळात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा झाली, त्याच आठवड्यात सुरू झाले. हे नक्की आठवते, कारण रात्री सगळ्याजणी फुलांचे वळेसर गुंफत होत्या आणि मी कानावर तळवा दाबून बसले होते. जाऊबाईंनी माझ्या वाटणीच्या कळ्या मुकाट्याने आपल्या सुपात ओढून घेतल्या.

हा ठणका नाही. ठणका असता तर निदान लोकांना पटले असते. हे आत खोलवर, कुणी बोट रुतवून ठेवल्यासारखे आहे. सकाळी डोळे उघडतात तेव्हाच ते हजर असते. दहाच्या सुमारास थोडे विसरायला होते. मग चौथीला धडा मोठ्याने वाचून दाखवला की दुपारपासून चढत जाते, आणि घरी येताना स्कूटरवर वारा लागला की कानशिलापर्यंत पसरते. जांभई दिली की कळ जाते. पाणी नाही, पू नाही, खाज नाही. ऐकू व्यवस्थित येते.

पहिल्या डॉक्टरांनी थेंब आणि 5 दिवस अँटिबायोटिक दिले. उतार नाही म्हणून दुसरे थेंब, आणखी 7 दिवस गोळ्या. दुसऱ्यांनी मळ काढला, तो फारसा नव्हताच. तिसऱ्यांनी ऐकण्याची आणि पडद्याच्या दाबाची तपासणी केली. दोन्ही चांगल्या आल्या. "कानाक कांयच ना, बाई," असे म्हणून त्यांनी कागद परत दिले. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, टेन्शन घेऊ नका. सासूबाईंनी लसूण घालून कढवलेले खोबरेल दोनदा कानात घातले. त्यांचा जीव तुटत होता, मला नाही म्हणवले नाही. सध्या दुखण्यावरची डायक्लोफेनॅकची एक गोळी रोज घेते, शाळेत कार्यक्रम असला तर दोन.

गेल्या महिन्यात पहिलीतल्या एका पोरीने विचारले, "बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात?" मी रागावले नव्हते. दात आवळून उभी होते. त्या दिवशी घरी येऊन फार रडले. घरी हे म्हणतात की मी हल्ली झोपेतही दात खाते. आमच्याकडे पोरे दात खायला लागली की जंत झाले म्हणतात, म्हणून जंताची गोळीही घेऊन झाली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आणखी कुठे आणि कुणाला दाखवावे? आणि हे दुखणे राहणारच असेल, तर त्याच्यासकट दिवस कसा काढायचा?

---

पेडण्याचा_माळी

ताई, मला पावसात असेच झाले होते. कानात बुरशी निघाली, दमट हवेमुळे. अँटिबायोटिकच्या थेंबांनी ती उलट वाढली होती. डॉक्टरांनी मशीनने ओढून कान साफ केला, बुरशीचे थेंब दिले, तीन आठवड्यांत बरे झाले. एकदा बघून घ्या.

---

निवृत्त_परिचारिका

माळीदादा, तुमचे खरे आहे, आपल्याकडे पावसाळ्यात बुरशीचे पुष्कळ कान येतात. पण तिथे खाज असते, कान भरल्यासारखा होतो आणि दुर्बिणीतून पांढरा किंवा काळा थर दिसतो. बाईंचा कान तिघांनी पाहिला आहे.

बाई, मी डॉक्टर नाही, 31 वर्षे वॉर्डात काढली आहेत. तुम्ही जे लिहिले त्यातच एक वाट दिसते आहे. जांभईला कळ. उठल्याउठल्या दुखणे. मोठ्याने वाचल्यावर वाढणे. झोपेत दात खाणे, जागेपणी दात आवळणे. हे सगळे जबड्याकडे बोट दाखवते.

कान दुखला म्हणजे दोष कानातच असतो असे नाही. कानाला संवेदना देणाऱ्या नसा बऱ्याच आहेत: मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या नसेच्या फांद्या, शिवाय मानेतली दुसरी आणि तिसरी नस. यांच्याच दुसऱ्या फांद्या जबडा, दाढा, टॉन्सिल, जिभेचे मूळ, स्वरयंत्र इथे जातात. तिथले दुखणे मेंदूला कानातले वाटते. आणि जबड्याचा सांधा तर कानाच्या नळीला अगदी खेटून, पुढच्या बाजूला असतो.

आज आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही कानांच्या पुढे, जिथे छोटा उंचवटा आहे त्याच्या अलीकडे, बोटे ठेवा. तोंड सावकाश उघडा, मिटा. डावीकडे कट्ट होते का, बोटाखाली दुखते का, जबडा एका अंगाला जातो का ते पाहा. मग दात आवळून गालाचा कडक होणारा स्नायू दाबा. तेच ओळखीचे दुखणे कानात उमटले तर दंतवैद्याला दाखवायला उशीर करू नका. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आणि दंत महाविद्यालय दोन्ही आहेत, कानाचे सगळे कागद घेऊन जा. दाढाही तपासून घ्या. मुळाशी किडलेली दाढ महिनोन् महिने कान दुखवू शकते.

तेल बंद. सासूबाईंना माझ्याकडून सांगा, माया पदराने शेक देऊनही करता येते. पडद्याला बारीक भोक असले तर तेल आत जाते, आणि गरम तेलाने भाजलेले कान मी पाहिले आहेत. डायक्लोफेनॅक रोज घेऊ नका. पोट आणि मूत्रपिंड दोघांनाही ते महागात पडते. तुमचे दुखणे 14 महिन्यांचे आहे हे सांगून दुसरे काय घेता येईल ते डॉक्टरांनाच विचारा.

तोंड वाकडे झाले, कानावर बारीक फोड आले, चक्कर सुरू झाली किंवा ऐकू कमी आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह आहे का? असेल तर रात्री वाढणारा तीव्र ठणका आणि कानातून पाणी याकडे एक दिवसही दुर्लक्ष नको.

---

दिवाडीकर

लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होतो.

माझ्या बाबांचा उजवा कान सहा महिने दुखत होता. कान साफ, पडदा चांगला. बाबा 40 वर्षे विडी ओढायचे. आम्ही थेंबांमागून थेंब घालत राहिलो. मग गिळताना घास अडकायला लागला. तेव्हा एका डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. जिभेच्या मुळाशी गाठ होती. कॅन्सर निघाला. 35 वेळा रेडिएशन झाले, सोबत केमो. जुने गोवेच्या फेरीबोटीवर त्यांच्या शेजारी उभा राहून मी रोज पाण्याकडे बघायचो, त्यांच्याकडे बघायचे धैर्य नव्हते. याला आता चार वर्षे झाली. बाबा आहेत. तोंड कोरडे पडते, म्हणून प्रत्येक घासाला पाणी लागते, पण पेज आणि मऊ शीत व्यवस्थित जेवतात.

बाई, तुम्ही तंबाखू खात नसाल, तुमचे तसे काही नसेलही. तरी तिन्ही डॉक्टरांपैकी कुणी घसा दुर्बिणीतून पाहिला का, हे तुम्ही लिहिलेले नाही. कान निरोगी, एकाच बाजूचे दुखणे आणि ते जात नाही, तर घसा पाहून घ्यायलाच हवा. ती तपासणी काही मिनिटांची असते. आम्हाला हे कुणी सहा महिने आधी सांगितले असते तर, एवढ्यासाठी लिहिले.

---

पखवाज_बांदोडा

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण माझे दुखणे गेलेले नाही.

2011 साली उजव्या कानामागच्या हाडाचे ऑपरेशन झाले. कान वाहायचा थांबला, जखम भरली, दुखणे मात्र राहिले. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, आता कानात करण्यासारखे काही नाही. त्यांनी रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम लिहून दिले. हे उदासीनतेवरचे औषध आहे असे कळले, तेव्हा मला वाटले यांना मी वेडा वाटलो. महिनाभर पाकीट उघडले नाही. मग त्यांनीच नीट समजावले की थोड्या मात्रेत ते नसेच्या दुखण्यावर वापरतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. मला बराच फरक पडला. तोंड कोरडे होते, सुरुवातीला सकाळी सुस्ती यायची. प्रत्येकाला चालेलच असे नाही, डॉक्टरांना विचारूनच.

बाकी जे केले ते सांगतो. शाळकरी वही घेतली आणि तीन महिने रोज तीन वेळा आकडा लिहिला, शून्य ते दहा. सोबत त्या दिवशी काय केले ते. तेव्हा कळले की दुखणे सारखे नसते. माझे वाऱ्याने आणि टाळांच्या कर्कश आवाजाने चढते. आता भजनाला बसताना टाळकरी माझ्या डाव्या अंगाला बसतात. एकादशीला लांबचा सप्ताह असला तर मी पहिले दोन प्रहर वाजवतो आणि उठतो. आधी उठायची लाज वाटायची. मोटारसायकलवर हेल्मेटच्या आत लोकरी पट्टी बांधतो, मे महिन्यातही.

आणखी एक. घरचे दिवसातून दहादा विचारायचे, कसे आहे? मला राग यायचा, त्यांना वाईट वाटायचे. आता सकाळी चहा घेताना मी फक्त आकडा सांगतो. "आज सात." बायको समजते. सातच्या दिवशी बाजारहाट ती करते, तीनच्या दिवशी मी. त्यावर पुढे बोलणे होत नाही. तुमच्या घरी करून पाहा.

---

म्हार्दोळची_बाई

अडीच महिन्यांनी लिहिते आहे, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेले मी छापून पर्समध्ये ठेवले होते.

दिवाडीकर, तुमचे वाचून रात्रभर झोप लागली नाही, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. घसा दुर्बिणीतून पाहिला. काही नाही. डॉक्टरांनी ते चित्र मलाही पडद्यावर दाखवले. बाबांना माझा नमस्कार सांगा.

परिचारिकाताई, आरशासमोर बोट ठेवले आणि डावीकडे कट्ट झाले. गालाचा स्नायू दाबला तर तेच दुखणे, त्याच जागी, कानाच्या आत. मी तशीच खाली बसले. 14 महिन्यांत पहिल्यांदा ते दुखणे कुठून येते ते माझ्या हाताला लागले होते. दंतवैद्यांनी दोन्ही बाजू दाबून पाहिल्या. दाढा ठीक आहेत. रात्री घालायची प्लॅस्टिकची पट्टी दातांचे माप घेऊन करून दिली. भाजलेले काजू आणि कडक उंडो (पाव) बंद, उंडो चहात बुडवून खाते. दिवसातून दोनदा ओल्या गरम टॉवेलचा शेक आणि जबड्याचे व्यायाम. शेक सासूबाई देतात, तेलाची वाटी त्यांनी आपण होऊन उचलून ठेवली. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली, हे दिवसभर आठवत राहायचे. त्यासाठी हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लाल ठिपका लावला आहे. तो दिसला की जबडा सैल सोडते. धडा आता मुले आळीपाळीने वाचतात. चौथीतला जो मुलगा कधी तोंड उघडत नव्हता तो हल्ली हात वर करतो.

गेलेले नाही. वहीत बघते तर आधी बहुतेक दिवस सहा-सात होते, आता तीन-चार. पालकसभेच्या आठवड्यात पुन्हा सात झाले, तेव्हा खूप घाबरले होते. दंतवैद्य म्हणाले, असे वर-खाली होणारच, पट्टी सोडू नका. डायक्लोफेनॅक बंद आहे. गेल्या महिन्यात तिसऱ्या डॉक्टरांना मुद्दाम भेटून जबड्याचे निघाले असे सांगून आले. त्यांनी ऐकून घेतले, टिपून ठेवले. पुढच्या बाईला तरी ते आठवेल.

पखवाजवाले दादा, आमच्याकडेही आकडा सुरू झाला आहे. आज चार. ती लोकरी पट्टी तुम्ही कुठून घेतली? म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात शोधली, माकडटोप्याच मिळाल्या, त्या हेल्मेटमध्ये मावत नाहीत. विणून घ्यायची असेल तर रुंदी किती ठेवू?